शर्टावरचा चेहरा आणि चौकटीतून कापलेली माणसं

जून २००७ मध्ये अमेरिकन अभिनेत्री कॅमेरॉन डियाझ पेरूमधलं माचू पिचू बघायला गेली. तिच्याजवळ एक पिशवी होती. लष्करी हिरवा रंग, त्यावर लाल तारा आणि पाच चिनी अक्षरं: ‘जनतेची सेवा करा’. ही माओ त्से-तुंगची घोषणा, १९४४ सालच्या एका भाषणातली. चीनमध्ये येणाऱ्या पर्यटकांना विकतात तशी ती साधी, छानशी पिशवी होती. पण तिचे फोटो पेरूमध्ये लोकांच्या जिव्हारी लागले आणि डियाझने जाहीर माफी मागितली. ही पिशवी आपण चीनमध्ये पर्यटक म्हणून घेतली, त्यावरच्या घोषणेने कुणाला त्रास होईल हे ध्यानात आलं नाही, असं तिने सांगितलं. मला तिचं म्हणणं खरं वाटतं. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं, आणि मला अस्वस्थ करते ती नेमकी हीच गोष्ट.

पेरूची जखम काय होती ते सांगायला हवं. १९८० साली आयाकुचो भागातून ‘सेंदेरो लुमिनोसो’ म्हणजे ‘प्रकाशाची वाट’ नावाच्या संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. तिचा नेता आबिमाएल गुझमान हा तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक होता आणि स्वतःला माओच्या विचारांचा वारस म्हणवत असे. सुरुवात झाली चुस्ची नावाच्या गावात मतपेट्या जाळून. एप्रिल १९८३ मध्ये या संघटनेच्या माणसांनी लुकानामार्का आणि आसपासच्या वस्त्यांतल्या ६९ जणांना मारलं. बरेचसे कुऱ्हाडी आणि कोयत्यांनी मारले गेले. त्यांत लहान मुलं होती. २००३ साली पेरूच्या सत्यशोधन आयोगाने सगळ्या संघर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा मृत आणि बेपत्तांचा अंदाज ६९ हजारांच्या पुढे गेला. त्यांतले निम्म्याहून जास्त सेंदेरोच्या हातून गेले, बाकीच्यांपैकी पुष्कळ जण लष्कर आणि पोलिसांच्या. मेलेल्या दर चार माणसांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. म्हणजे ज्या डोंगरातल्या गरिबांच्या नावाने हे सगळं चाललं होतं, तेच सगळ्यात जास्त मेले.

आता ती पिशवी पुन्हा बघा. तीच अक्षरं, तोच तारा. एका बाईच्या खांद्यावर ती नक्षी आहे, आणि समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईला तिच्यात आपला मेलेला भाऊ दिसतो.

रक्ताचा इतिहास असलेली गोष्ट नक्षी कशी बनते? हे समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे क्यूबाच्या क्रांतीतला नेता चे गव्हेरा याचा तो फोटो. टोपीवर तारा, वाऱ्यावर उडालेले केस, दूर कुठेतरी लागलेली नजर. शर्ट, कप, टोप्या, घड्याळं, अगदी पोहण्याचे कपडेसुद्धा: २००२ साली ब्राझीलची मॉडेल जिझेल बुंडशेन हाच चेहरा छापलेली बिकिनी घालून साओ पाउलोच्या फॅशन सोहळ्यात चालली होती. त्या चेहऱ्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला, तर प्रत्येक टप्प्यावर त्यातून काहीतरी कापून टाकलेलं दिसतं.

४ मार्च १९६० रोजी हवानाच्या बंदरात ‘ला कूब्र’ नावाच्या फ्रेंच मालवाहू जहाजात स्फोट झाला. जहाजात बेल्जियमहून आलेला दारूगोळा होता. ७५ ते १०० माणसं मेली. दुसऱ्या दिवशी त्यांची अंत्ययात्रा आणि शोकसभा झाली. ‘रेव्होलुसिऑन’ या वृत्तपत्राचा छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा तिथे हजर होता. हा कोर्दा मूळचा फॅशन फोटोग्राफर. क्रांतीआधी त्याचा स्टुडिओ मॉडेल्सच्या छायाचित्रांसाठी ओळखला जाई. व्यासपीठावर गव्हेरा क्षणभर पुढे आला आणि कोर्दाने आपल्या लायका कॅमेऱ्याने दोनदा कळ दाबली, एकदा आडवी आणि एकदा उभी. आडव्या फोटोत एका बाजूला कुणा माणसाच्या चेहऱ्याची कड आली होती, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या.

दुसऱ्या दिवसाच्या अंकासाठी वृत्तपत्राने कास्त्रोचे आणि तिथे पाहुणे म्हणून आलेल्या सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच लेखकांचे फोटो निवडले. गव्हेराचा फोटो मागे राहिला. कोर्दाला मात्र तो आवडला. त्याने बाजूचा माणूस कापला, झावळ्या कापल्या आणि फक्त चेहरा ठेवून फोटो आपल्या भिंतीवर लावला.

ही पहिली कात्री. जागा गेली, सोबतची माणसं गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रसंग गेला. त्या चेहऱ्यावरचा भाव आपण स्वप्नाळू, भविष्यवेधी वगैरे म्हणतो. प्रत्यक्षात तो माणूस आदल्या दिवशीच्या मृतांसाठी भरलेल्या शोकसभेत उभा होता, संतापलेला आणि दुःखी. फॅशनच्या जगातला हा सगळ्यात लाडका चेहरा मुळात सुतकातला चेहरा आहे.

पुढे १९६७ साली इटलीचा प्रकाशक जानजाकोमो फेल्त्रिनेल्ली कोर्दाकडे आला आणि त्या फोटोच्या दोन प्रती घेऊन गेला. कोर्दाने पैसे घेतले नाहीत. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला बोलिव्हियातल्या ला इगेरा गावात, पकडल्यानंतर दुसऱ्या दिवशी, गव्हेराला गोळ्या घालण्यात आल्या. तो ३९ वर्षांचा होता. फेल्त्रिनेल्लीने पोस्टर छापली आणि ती युरोपभर पसरली. (हा फेल्त्रिनेल्ली स्वतः १९७२ मध्ये मिलानजवळ एका विजेच्या मनोऱ्यापाशी स्फोटात मेला. स्फोटकं तोच लावत होता असं दिसतं. त्याच्यासाठी ते पोस्टर नक्कीच नुसती शोभा नव्हतं.)

दुसरी कात्री आयर्लंडमध्ये चालली. जिम फिट्झपॅट्रिक या चित्रकाराने १९६८ मध्ये फोटोवरून लाल-काळं चित्र केलं. ही बाब तांत्रिक आहे, पण सगळी गंमत तिच्यातच आहे. फोटोत काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या शेकडो करड्या छटा असतात. गालावरची सावली, डोळ्याखालचा थकवा, कातडीचा पोत, सगळं त्या मधल्या छटांमध्ये राहतं. त्या काढून टाकल्या की उरतो फक्त गडद आकार आणि रिकामी जागा. माणूस जाऊन चिन्ह उरतं. कापडावर स्क्रीनने छपाई करताना प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. एका रंगाचं चित्र म्हणजे एकच जाळी, एकच फेरा, कमीत कमी खर्च. कितीही लहान करा, कितीही खराब कापडावर छापा, चेहरा ओळखू येतोच. शिवाय फिट्झपॅट्रिकने आपलं चित्र कुणीही छापावं म्हणून मोकळं सोडलं होतं, आणि साहित्य-कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या बर्न करारात क्यूबा १९९७ पर्यंत सामील नव्हता, त्यामुळे कोर्दाच्या हक्काचीही फारशी कुणी पत्रास ठेवली नाही. देखणा, ओळखीचा, छापायला स्वस्त आणि फुकट, असा चेहरा धंद्याला पुन्हा कुठे मिळणार?

तिसरी कात्री मृत्यूने चालवली. गव्हेरा म्हातारा झाला नाही. त्याने आणखी तीस-चाळीस वर्षं सरकार चालवलं नाही, रेशनच्या रांगांची जबाबदारी घेतली नाही, तुरुंगांविषयी पत्रकारांना उत्तरं दिली नाहीत. हे सगळं कास्त्रोच्या वाट्याला आलं. तो ९० वर्षं जगला, आणि त्याचा चेहरा शर्टावर क्वचितच दिसतो.

आता, चौकटीबाहेर नेमकं काय गेलं?

फेब्रुवारी १९५७ मध्ये सिएरा माएस्त्राच्या डोंगरात एउतिमिओ गेर्रा नावाचा बंडखोरांचा एक शेतकरी वाटाड्या सरकारी सैन्याला बातम्या पुरवतो हे उघडकीस आलं. त्याला मृत्युदंड ठरला, पण गोळी कुणी घालायची यावर सगळे घुटमळले. ते काम गव्हेराने केलं आणि आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं: पिस्तूल किती कॅलिबरचं, गोळी डोक्याच्या कुठल्या बाजूने गेली. तो डॉक्टर होता, आणि नोंदही डॉक्टरने करावी तशी आहे. १९५९ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत तो हवानाच्या ला काबान्या किल्ल्याचा प्रमुख होता. आधीच्या बातिस्ता राजवटीच्या माणसांवर तिथे क्रांतिकारी न्यायालयांत खटले चालले, आणि शिक्षेवरच्या अपिलांचा अंतिम निर्णय त्याच्याकडे होता. किती जणांना गोळ्या घातल्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी ५५ म्हणतं, कुणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. खटले काही तासांत उरकत.

इथे न्याय्य बोलायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. बातिस्ताच्या पोलिसांनी पुष्कळ तरुणांचे हाल करून जीव घेतले होते, आणि किल्ल्यात उभ्या केलेल्यांत असे छळ करणारे बरेच होते. गव्हेराच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी खऱ्याही नाहीत. समलिंगी पुरुषांना आणि धार्मिक लोकांना डांबणाऱ्या सक्तमजुरीच्या छावण्यांचं उदाहरण सर्रास दिलं जातं, पण त्या १९६५ च्या अखेरीस सुरू झाल्या, आणि तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये क्यूबा सोडून गेला होता. विरोधकांनी तरी त्याच्याविषयी सैल बोलू नये. जे पुराव्याने उभं राहतं तेवढं पुरेसं गंभीर आहे.

कारण त्याने स्वतः काहीच लपवलं नाही. ११ डिसेंबर १९६४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, सगळ्या जगासमोर तो म्हणाला की होय, आम्ही गोळ्या घालून मृत्युदंड दिले, देतो आणि गरज असेल तोवर देत राहू. १९६७ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या संदेशात त्याने लिहिलं की द्वेष हे लढ्याचं साधन आहे, आणि तो माणसाला परिणामकारक, निवडक, थंड डोक्याचं मारण्याचं यंत्र बनवतो. तो हे कबुलीच्या सुरात सांगत नाही, कार्यक्रम म्हणून सांगतो. त्याच्या विचारांशी प्रामाणिक असलेला माणूस हे वाक्य टाळू शकत नाही, आणि शर्टाला मात्र ते वाक्य पेलत नाही. हा चेहरा गुळगुळीत आपण केला, त्याने नाही.

हे सगळं अंतरावर अवलंबून असतं, आणि ते अंतर कधीकधी फार थोडं असतं. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशवादाच्या विरोधात मोठा संगीत मेळावा झाला. हेतू चांगला, गर्दी प्रचंड. ‘द क्लॅश’ या बँडचा गायक जो स्ट्रमर मंचावर आला तो इटलीच्या ‘रेड ब्रिगेड्स’ या सशस्त्र डाव्या संघटनेचं नाव असलेला शर्ट घालून. त्यावर संघटनेचं इटालियन नाव चुकीचं लिहिलेलं होतं, आणि तारा-बंदुकीचं चिन्ह होतं जर्मनीच्या वेगळ्याच संघटनेचं. त्या दिवशी इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो याच रेड ब्रिगेड्सच्या कैदेत होते. १६ मार्चला त्यांचं अपहरण करताना त्यांच्या पाचही अंगरक्षकांना मारण्यात आलं होतं. मोरो कोठडीतून घरच्यांना पत्रं लिहीत होते. मेळाव्यानंतर नऊ दिवसांनी, ९ मे रोजी, रोमच्या काएतानी गल्लीत एका लाल रेनॉच्या डिकीत त्यांचा मृतदेह मिळाला.

त्या शर्टाने कुणाला मारलं नाही. गर्दीतल्या बहुतेकांनी तो नीट पाहिलाही नसेल. पण मोरो यांच्या घरच्यांच्या जागी बसून ते नऊ दिवस मोजले, की हा विषय निव्वळ आवडीनिवडीचा राहत नाही.

ज्या जर्मन संघटनेचं चिन्ह त्या शर्टावर आलं, ती ‘रेड आर्मी फॅक्शन’. तिने तीसहून अधिक माणसं मारली. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं चिन्ह जर्मनीत कपड्यांवर मिरवू लागलं. एका महागड्या ब्रँडचं नाव आणि संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या उलरिके माइनहोफचं आडनाव जोडून विनोदी शब्दही तयार झाला. तोवर ज्यांचे वडील किंवा नवरे मारले गेले होते, ती कुटुंबं त्याच शहरांत राहत होती. माओच्या बाबतीत आकडेच इतके मोठे आहेत की मन बधिर होतं. ‘मोठी झेप’ मोहिमेमुळे १९५९ ते १९६१ दरम्यान पडलेल्या दुष्काळात दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत माणसं मेली, असे वेगवेगळे अंदाज आहेत. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, निक्सन चीनला जाऊन आल्यावर, अँडी वॉरहॉलने माओच्या चेहऱ्याला रंगीत गाल आणि ओठ दिले.

पॅलेस्टिनी बंडखोर लैला खालेदची गोष्ट या सगळ्यापेक्षा जरा निराळी आहे. १९६९ मध्ये तिने आणि तिच्या साथीदाराने एक प्रवासी विमान पळवून दमास्कसला उतरवलं. त्यानंतरचा तिचा फोटो जगभर गेला: डोक्याला पॅलेस्टिनी रुमाल, हातात कलाश्निकोव्ह, आणि बोटात हातबाँबच्या पिनेपासून आणि गोळीपासून बनवलेली अंगठी. फोटो इतका गाजला की तिला कुठेही लपता येईना. पुढच्या अपहरणासाठी तिने शस्त्रक्रिया करून आपला चेहरा बदलून घेतला. म्हणजे खुद्द तिनेच तो चेहरा टाकून दिला, आणि जगाने तो आजतागायत जपून ठेवलाय. त्या विमानातल्या प्रवाशांपैकी एकाचाही चेहरा मात्र कुणाला आठवत नाही.

मग लोक हे घालतात तरी का? बहुतेकांना हत्या आवडते म्हणून नाही, एवढं मला ठामपणे वाटतं. त्यांना नकार हवा असतो. जग अन्यायी आहे, मी त्याच्या बाजूचा नाही, हे एका नजरेत सांगणारी खूण हवी असते. ही भूक खरी आहे आणि तिच्यात मला काहीही वावगं वाटत नाही. पण अन्यायाविरुद्ध आयुष्यभर झटलेले आणि कुणाचा जीव न घेतलेले असंख्य लोक होऊन गेले. त्यांचे चेहरे इतके विकले जात नाहीत, कारण फॅशनला धोक्याचा वास लागतो. शस्त्र नुसतं सुचवलेलं पुरतं. एक टोपी, एक दाढी, एक मळकट हिरवं जाकीट. घालणाऱ्याला धोक्याची ऐट मिळते आणि धोका मात्र पत्करावा लागत नाही. तो आधीच कुणीतरी भोगून झालेला असतो.

यात दुखावलेले लोक दोन्हीकडे आहेत. कोर्दाने आयुष्यभर आपल्या फोटोचे पैसे मागितले नाहीत, पण २००० साली ब्रिटनमध्ये एका वोडकाच्या जाहिरातीत तो वापरला गेला तेव्हा त्याने खटला भरला. गव्हेराच्या विचारांसाठी फोटो वापरला तर हरकत नाही, दारू खपवायला चालणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तडजोडीत मिळालेले ५० हजार डॉलर त्याने क्यूबातल्या मुलांच्या औषधोपचारासाठी देऊन टाकले. २०१२ मध्ये मर्सिडीज-बेंझने एका सादरीकरणात गव्हेराच्या टोपीवरच्या ताऱ्याच्या जागी आपलं चिन्ह बसवलं, तेव्हा चिडले ते परागंदा क्यूबन लोक, आणि कंपनीला माफी मागावी लागली. एकाला त्याची बाटली झाली म्हणून राग, दुसऱ्याला तो देव झाला म्हणून. दोघांनाही तो खरोखर जगून गेलेला माणूस वाटतो, हे दोघांमध्ये सारखं आहे. बाजाराला तसं वाटत नाही.

राजांनी आणि सेनापतींनी कितीतरी जास्त माणसं मारली, त्यांचे पुतळे आणि नोटा चालतात, मग शर्टावरच एवढा राग का, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्या पुतळ्यांनाही तो विचारायलाच हवा. पण पुतळा सरकार उभारतं. मला कुणी विचारलेलं नसतं. शर्ट मी स्वतः निवडतो, आणि माझ्या सद्‌सद्विवेकाची खूण म्हणून छातीवर घालतो. बंदी घालावी असं मी म्हणणार नाही. चित्रावर बंदी आली की त्याला पुन्हा तोच धोक्याचा वास येतो, आणि ते दुप्पट खपतं.

२००५ च्या ऑस्कर सोहळ्याला गिटारवादक कार्लोस सांताना गव्हेराच्या चेहऱ्याचा शर्ट घालून आला. क्यूबा सोडून अमेरिकेत आलेला सॅक्सोफोनवादक पाकितो द’रिवेरा याने त्याला जाहीर पत्र लिहिलं. त्यात त्याने आपल्या चुलत भावाची हकिकत सांगितली. तो ख्रिस्ती श्रद्धेपायी ला काबान्यात कैद होता. पहाटे कोठडीतून त्याला गोळ्या झाडल्याचे आवाज येत, आणि त्याआधी मरणाऱ्यांच्या आरोळ्या: ‘ख्रिस्तराजाचा विजय असो!’

ला काबान्या आता पर्यटकांचं ठिकाण आहे. रोज रात्री नऊ वाजता तिथे जुन्या गणवेशातले सैनिक मशाली घेऊन येतात आणि तोफ डागतात. शहराचे दरवाजे बंद होण्याची ती जुनी खूण. आवाज अख्ख्या हवानाला ऐकू जातो, आणि लोक घड्याळं लावून घेतात.